गिरणीचा विमा गावाने भरला

१९२१ साली मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांमध्ये, नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ८२८ बालमृत्यू झाले, असं त्या काळचे सरकारी अहवाल सांगतात. गिरणगावच्या हालांवर लिहिणाऱ्या अनेकांनी हा आकडा वापरला आहे. तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना मीही तो वापरत असे. फळ्यावर ८२८ लिहिलं की वर्ग गप्प व्हायचा.

पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की या आकड्यात माझी आजी आहे.

दिवस भरत आले की गिरणीकामगाराची बायको बोटीने कोकणात यायची. बाळंतपण गावच्या घरात, सुईणीच्या हाताखाली व्हायचं. तीन-चार महिन्यांनी ती बाळाला घेऊन परळला परत जायची. बाळ तिथे दगावलं तर मृत्यूची नोंद मुंबईत व्हायची. जन्माची नोंद मात्र तिथे नसायची, कारण ते जन्मलं होतं संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत. म्हणजे भागाकारातला वरचा आकडा पुरा आणि खालचा अपुरा. त्या वेळच्या अधिकाऱ्यांना हे ठाऊक होतं, त्यांनी ते लिहूनही ठेवलं. दुरुस्ती करूनही जो आकडा उरतो तो काळजाला घरं पाडतोच. चाळींच्या दुःखाबद्दल कुणी खोटं लिहिलं, असं मला म्हणायचं नाही. मला त्या न नोंदलेल्या जन्मांबद्दल बोलायचं आहे. ती बाळंतपणं कुणी केली? आळीव-खोबरं, शेकशेगडी, बाळंतिणीचा मऊ भात, तेल लावणारीचं लुगडं हे कुठून आलं? गिरणीच्या हिशेबात हा खर्च नाही, पालिकेच्याही नाही. ज्यांनी तो केला त्यांनी वही ठेवली नव्हती.

माझं म्हणणं असं आहे. मुंबईच्या गिरण्यांनी जी मजुरी दिली ती जेमतेम एका कामकऱ्याच्या पोटापुरती होती. त्याचं बालपण, आजारपण, बेकारी आणि म्हातारपण कोकणातल्या घरांनी सांभाळलं. ज्याला आपण आज सामाजिक सुरक्षा म्हणतो ती या किनाऱ्यावरच्या बायकांनी, वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीच्या जोरावर, शंभर-सव्वाशे वर्षं पुरवली. तो हिशेब मांडणं हे अर्थ-इतिहासकाराचं काम आहे, आणि ते कोकणात बसून व्हायला हवं. त्यासाठी लागणारी पगारी जागा, दप्तरखाना आणि पैसा सार्वजनिक तिजोरीतून यायला हवा.

मजुरी एकाच्या पोटापुरती होती हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कार्यालय उघडलं आणि त्या कार्यालयाने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ साली आला. मुंबईचा कामगार जेवढं धान्य खातो ते दुष्काळी कामांवरच्या मजुरासाठी ठरवलेल्या प्रमाणाइतकं आहे, पण मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्याच्या ठरलेल्या आहारापेक्षा कमी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. कैद्याला कुटुंब पोसायचं नसतं. कामगाराला गावी मनिऑर्डर पाठवायची असायची, ती याच मजुरीतून.

आणि हा कामगार मोठ्या संख्येने आपला होता. कावसजी दावरांची पहिली कंपनी १८५४ची, तिची गिरणी सुरू झाली १८५६ला. पुढच्या अर्धशतकात बोटी भरभरून माणसं गेली. १९११च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणीकामगारांपैकी निम्म्याच्या आसपास रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. (तेव्हाच्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही आला, तो वेगळा झाला १९८१ साली.) का गेली, याचं उत्तर खोतीत आहे, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोताच्या सत्तेत. पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताला, वर वेठ. १८८०च्या खोती कायद्याने हे नातं मोडलं नाही, लिखापढीत बसवलं. हाती उरलेलं भात, नाचणी, वरी मिळून वर्ष निघत नसे. मग घरातला एक माणूस मुंबईला जायचा, आणि तो गेल्यावरही जमीन कसायला घरात माणूस लागायचंच. बेणणी, लावणी, कापणी, गवत, गुरं, लाकूडफाटा हे सगळं बाईकडे आलं.

१९२९ साली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने, व्हिटले आयोगाने, यावर जे लिहिलं ते मी अनेकदा वाचलं आहे. १९३१च्या अहवालात आयोग म्हणतो, की कामगार शहराकडे ओढला जात नाही, गावातून ढकलला जातो. इथपर्यंत पटतं. पण त्यापुढे आयोग सांगतो, की कामगाराचं गावाशी असलेलं नातं तोडू नये, जपावं, कारण आजारपणात, बेकारीत, म्हातारपणी गाव हाच त्याचा आसरा आहे. साम्राज्याने नेमलेल्या आयोगाने कामगाराचा विमा गावावर आहे हे ओळखलं, ते चांगलं आहे असं ठरवलं, आणि त्या विम्याचा हप्ता कोण भरतं हा प्रश्न तसाच राहू दिला. या आयोगावर नारायण मल्हार जोशी सदस्य होते. आपल्याच कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारे, आयटक या कामगार संघटनांच्या महासंघाच्या उभारणीत असलेले, कामगारांसाठी आयुष्य वेचणारे ना. म. जोशी. त्यांच्यासारखा माणूस समोर असूनही गावाच्या बाजूचा हिशेब आयोगापुढे आला नाही, कारण तो कुणी मांडलेलाच नव्हता. आकडेवारी गोळा करणारं कार्यालय मुंबईचं. त्याचे तपासनीस चाळींचे जिने चढले. बोटीत बसून जयगडला, विजयदुर्गाला उतरले नाहीत.

मला या जागी नेहमी बाबासाहेब आठवतात. आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्यांचे वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीला राहिले, कारण दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर शिपायांची वस्ती होती. कोकणातल्या गोरगरिबांना ‘पेन्शन’ हा शब्द कळला तो लष्करामुळे. नोकरी संपल्यावरही महिन्याला पैसे येतात ही गोष्ट दापोलीच्या पेन्शनरांनी दाखवली, आणि गिरणीतून परतलेल्याने ती फक्त पाहिली. पुढे कोलंबिया आणि लंडनला अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, त्याचा भार सरकारने उचलावा, आणि बाईच्या श्रमातून नफा घेणाऱ्या मालकानेही उचलावा, हा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली तो कायदा झाला. त्यानंतर १७ सप्टेंबर १९३७ला त्यांनीच खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं, आणि १९३८च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मोर्चाने कौन्सिल हॉलवर गेले. अलिबागजवळच्या चरीचा शेतकऱ्यांचा संप, १९३३ ते १९३९, याच काळातला. त्याच्यामागे नारायण नागू पाटील उभे होते.

गिरणीतल्या बाईचं बाळंतपण आणि कोकणातल्या कुळाचा अर्धेल, म्हणजे खोताला द्यायचा पिकाचा अर्धा वाटा, हे एकाच माणसाने मुंबईच्या कायदेमंडळात मांडलेले दोन विषय आहेत. आपण ते वेगळ्या धड्यांत शिकवतो, एक कामगार कायद्यांत आणि दुसरा जमीन सुधारणांत. मीही तसंच शिकवलं. वास्तविक ही एकाच खातेवहीची दोन पानं आहेत. कुळाच्या घरात धान्य उरलं असतं तर गिरणीच्या मजुरीला वेगळी किंमत मागता आली असती, आणि गिरणीने बाळंतपणाचा, म्हातारपणाचा खर्च उचलला असता तर कुळाच्या बाईची पाठ इतकी वाकली नसती. दोन्हीकडे पाहणारा अर्थशास्त्रज्ञ आपल्याच मातीतला होता, आणि त्या पद्धतीने काम करणारी एकही जागा आपण या मातीत तयार केली नाही.

इथे थोडं थांबायला हवं. गावाने सांभाळलं असं म्हणताना गाव फार गोड होऊन बसतं, आणि कोकणातल्या लेखनाला ती खोड आहेच. गावाचा विमा सगळ्यांना सारखा नव्हता. महार कामगाराला गिरणीच्या विणखात्यात घेत नसत, कारण धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे आणि विटाळाचा बाऊ केला जाई. जास्त मजुरी विणखात्यात होती. म्हणजे गिरणीत कमी मिळायचं, आणि गावी परतल्यावर बिनजमिनीचा आसरा, त्याच्या बदल्यात पुन्हा वेठ. कुणब्याच्या घरी निदान नाचणीची कणगी असायची. हप्ता सगळ्यांनी भरला, परतावा जातीप्रमाणे मिळाला. हाही हिशेबच आहे, आणि तो मांडायला गावोगावच्या घरांची, जमिनींची, वाड्यांची माहिती लागते. ती मुंबईच्या दप्तरात सापडत नाही.

कामगार आणि कल्याण या विषयाला आयुष्य देणारे इतिहासकार झाले, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मुंबईच्या गिरणीकामगारांवरचं मॉरिस डेव्हिड मॉरिस यांचं पुस्तक १९६५चं. मुंबईला कामगारांचा तुटवडा होता, खेड्यातला माणूस गिरणीत टिकत नव्हता, ही मालकांची जुनी तक्रार त्यांनी पुराव्याने खोडून काढली. त्यानंतर केंब्रिजला शिकवणारे राजनारायण चंदावरकर. त्यांचं मोठं पुस्तक १९९४ला आलं आणि २००६ साली, वयाच्या पन्नाशीच्या सुरुवातीला, ते गेले. गावाशी नातं ठेवणं हा कामगाराचा मागासपणा नव्हता, शहरातल्या अनिश्चित मजुरीला तोंड द्यायची ती त्याची विचारपूर्वक केलेली तजवीज होती, हे त्यांनी दाखवलं. १९२८चा सार्वत्रिक संप सहा महिने चालला. सहा महिने मजुरीविना अडीच पायली तांदूळ कुठून येतो? गावाहून येतो. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि त्यांतले किती तरी कोकणात येऊन राहिले. मला आठवतं, त्या वर्षी आमच्या वाडीत लावणीला इतके पुरुष होते, की बायका हसत होत्या. पुढच्या वर्षी कुणी हसलं नाही.

पण मॉरिस काय किंवा चंदावरकर काय, त्यांची साधनं शहरातली. मालक संघाचे अहवाल, पोलिसांच्या नोंदी, कामगार कार्यालयाची पत्रिका. त्यांतून गाव दिसतं ते मुंबईहून पाहिलेलं: माणसं पाठवणारं आणि माणसं परत घेणारं. घरात आत काय चालायचं, खोकला घेऊन परतलेल्या माणसाला कुणी किती वर्षं जेवू घातलं, त्यासाठी शेताचं कुठलं कुणगं गहाण पडलं, हे त्या कागदांत असणं शक्य नव्हतं. अभ्यासकाचं आयुष्य त्याच्या कागदपत्रांच्या जागेवर ठरतं. मुंबई, पुणे आणि लंडन इथे कागद आहेत म्हणून तिथे इतिहासकार घडले.

कोकणात कागद नाहीत असं मात्र नाही. ते पत्र्याच्या पेटीत आहेत.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे, होते. त्यांची पेटी आमच्या माळ्यावर होती. गिरणीचं तिकीट, रजेचे कागद, फंडाच्या चिठ्ठ्या, मनिऑर्डरच्या पावत्यांची सुतळीने बांधलेली चवड, आणि गावकीच्या खोलीची एक वही. ही वही मला सर्वांत मोलाची वाटते. मुंबईत प्रत्येक गावाची, कधी वाडीची, एक खोली असायची. पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे, भाडं वाटून घ्यायचे. वहीत दर महिन्याची वर्गणी, भिशी, मयत फंड, कुणाला किती उसने दिले, कोण आजारी म्हणून बोटीचं तिकीट काढून दिलं, हे सगळं आहे. सरकारचा राज्य कामगार विमा कायदा १९४८चा. त्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसं चार-आठ आण्यांत एकमेकांचा विमा उतरवत होती, हिशेब ठेवत होती, आणि दरवर्षी गणपतीला गावी आल्यावर तो सगळ्यांसमोर वाचून दाखवत होती. कल्याणकारी व्यवस्थेचा इतिहास लिहायचा तर ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षेची आखणी करणाऱ्या १९४२च्या बेव्हरिज अहवालाबरोबर ही वहीही टेबलावर ठेवावी लागेल.

या पेटीची किंमत घरच्यांना कळली ती घरांच्या सोडतीमुळे. १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असलेल्यांना किंवा त्यांच्या वारसांना मुंबईत घर, अशी योजना आली आणि दीड लाखाहून जास्त अर्ज आले. अर्जाला पुरावा हवा: तिकीट, विम्याचं कार्ड, फंडाची पावती, काहीतरी. तेव्हा गावोगावी पेट्या उघडल्या. कुणाची वाळवीने खाल्लेली, कुणाची पुरात भिजलेली, कुणाच्या सुनेने साफसफाईत जाळलेली. आमच्या शेजारच्या काकींनी यजमानांचं तिकीट देव्हाऱ्यात ठेवलं होतं म्हणून ते वाचलं. ते घेऊन त्या एका कार्यालयात चार खेपा गेल्या. नावात एक अक्षर वेगळं होतं, एवढ्यावरून कागद परत आला. ज्या नवऱ्याच्या वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी गावची शेती एकटीने केली, सासू-सासऱ्यांचं शेवटचं केलं, त्याच्या नोकरीचा पुरावा त्यांना द्यायचा होता. त्यांच्या स्वतःच्या वीस वर्षांचा पुरावा कुणी मागितलाही नाही.

निवृत्तिवेतनाचंही तसंच. कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ला सुरू झाली. ८२च्या संपात ज्यांची नोकरी गेली त्यांना ती तेरा वर्षं उशिरा आली. विम्याचे दवाखाने औद्योगिक भागांत, वाडीत नाहीत. गरीब वृद्धांच्या पेन्शनमध्ये साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसामागे केंद्र सरकारचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे, आणि तो २००७पासून तेवढाच आहे. हे आकडे एकापुढे एक ठेवले की दिसतं, की व्हिटले आयोगाने गावावर टाकलेला भार कायद्याने कधी उतरवलाच नाही.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं, आणि ते देणारी आपलीच माणसं असतात. मुंबईने कोकण जगवलं, असं ते म्हणतात. कौलं, शाळेची फी, देवळाचा जीर्णोद्धार, बहिणींची लग्नं हे सगळं मनिऑर्डरवर झालं. खरंच झालं. माझी फी मनिऑर्डरवरच भरली गेली आणि ती पाठवणाऱ्या माणसाचे हात मी विसरलेले नाही. पण मनिऑर्डरला पावती असते. मुंबईहून आलेला प्रत्येक रुपया पोस्टाच्या रजिस्टरात चढला. कोकणाने दिलं ते, वाढवून दिलेली मुलं, शुश्रूषा, संपात घातलेलं जेवण, कुठल्याही रजिस्टरात चढलं नाही. एकाच बाजूचे आकडे समोर असले की ती बाजू दाता वाटायला लागते. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेवर बायका होत्या. एवढी वर्षं कमावत्या वयाची माणसं घालवणाऱ्या प्रदेशाला ‘मनिऑर्डरवर जगणारा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, आणि तो अन्याय आकडे मांडूनच दूर होईल.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा असतो: मुलांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही इतिहासाच्या जागा मागता. आंब्याच्या कलमावर आयुष्य घालवणारा संशोधक आपल्याला परका वाटत नाही. वेंगुर्ल्याच्या केंद्रात नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ आला, त्यासाठी किती वर्षं किती जणांचा पगार सरकारने दिला याबद्दल कुणी कुरकुर करत नाही, करूही नये. दापोलीच्या कृषी विद्यापीठाला १९७२पासून पैसा मिळतो तो रास्तच आहे. मग झाडाला लागणारी खतमात्रा मोजण्याइतकंच, माणसाच्या श्रमाला काय लागलं हे मोजणंही कामाचं का नसावं? धनंजयराव गाडगीळांनी देशाच्या औद्योगिक वाटचालीचा अभ्यास १९२४ साली प्रसिद्ध केला, पुढे पुण्याच्या गोखले संस्थेत गावं आणि शहरं यांच्या पाहण्या उभ्या केल्या. ती संस्था ज्यांच्या नावाची, ते गोपाळ कृष्ण गोखले गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. वि. स. पागे यांची रोजगार हमी १९७२च्या दुष्काळात राज्यभर गेली, १९७७ला तिचा कायदा झाला, आणि २००५च्या केंद्रीय कायद्याला तिचाच नमुना मिळाला. १९९०च्या सुमारास फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली म्हणून कोकणातल्या किती कातळांवर आज काजू उभा आहे. कामगार-कल्याणाच्या अभ्यासाने पोट भरत नाही, हे निदान महाराष्ट्रात तरी कुणी म्हणू नये.

आणि प्रश्न जुना झालेला नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर सकाळी उभं राहिलं तर कानावर नेपाळी पडते. ट्रॉलरवर खलाशी नेपाळचे, आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं, चिरेखाणीवर कर्नाटकातले मजूर, आणि रायगडातले कातकरी दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणसाला इथे येऊन काम करायला परवाना लागत नाही. त्यामुळे तो सहज येतो, आणि कागद न ठेवता जातो. त्याचा हिशेब तांडेलाकडे, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाकडे, किंवा बोटमालकाच्या वहीत असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा तो घरी. जाळं ओढताना खांदा निखळला, बोटीवरून पडला, वय झालं, की तोही घरी. ते घर डोंगरात कुठेतरी आहे आणि तिथे एक बाई शेत करते आहे. माझी आजी करायची तसंच. आपण आता परळच्या जागी आहोत आणि आपला विमा नेपाळातलं एखादं गाव भरतं आहे. बोटमालक वाईट आहेत असं मी म्हणत नाही. डिझेलच्या आणि बर्फाच्या खर्चाने तेही पिचलेले आहेत, गिरणीमालकांची आणि त्यांची तुलना होणार नाही. पण मजुरी एकाला द्यायची आणि बाकीचं त्याच्या गावाने बघायचं, ही रीत तीच आहे. ती आपल्याला ओळखता यायला हवी होती, सगळ्यांत आधी आपल्याला.

म्हणून माझं मागणं नेमकं आहे. रत्नागिरीत मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. तिथे श्रम आणि सामाजिक सुरक्षेच्या आर्थिक इतिहासाची एक कायम प्राध्यापकाची जागा आणि तिला जोडून दप्तरखाना व्हावा. दप्तरखान्याने कागद ताब्यात घेऊ नयेत. घरोघरी जाऊन छायाचित्रं काढावीत, मूळ कागद घरच्यांकडेच राहू द्यावेत, आणि नावं उघड करायची की नाही हे घरच्यांनी ठरवावं. गावकीच्या खोल्यांच्या वह्या, मयत फंडांचे जमाखर्च, ग्रामस्थ मंडळांची इतिवृत्तं आधी घ्यावीत, कारण मंडळं मोडताहेत आणि खोल्या टॉवरखाली जाताहेत. सत्तरीच्या पुढच्या बायकांशी बोलून त्यांच्या कामाच्या वर्षांची नोंद करावी. ही नोंद शासनाने वारसाच्या दाव्यात पूरक पुरावा म्हणून धरावी, म्हणजे तिकिटावरच्या एका अक्षरासाठी कुणाला चार खेपा पडणार नाहीत. कॉलेजातली मुलं हे काम उत्तम करतील. मी माझ्या शेवटच्या तीन वर्षांत बी.ए.च्या मुलांना आपापल्या घरची पेटी उघडून यादी करायला सांगत असे. एका मुलीने पणजीच्या नावावरची जमीन गहाण टाकल्याचा १९२९चा कागद आणला होता. कारण लिहिलेलं होतं: मुंबईस संप.

त्याच मुलीचा भाऊ आता मिरकरवाड्यावर एका बोटीचा हिशेब सांभाळतो. दर पंधरवड्याला कोणत्या खलाशाला किती दिले, किती उचल गेली, कोण आजारी म्हणून बसला, हे तो दोनशे पानी वहीत निळ्या शाईने लिहितो. मे महिना संपला की हिशेब पुरा होतो आणि वही केबिनच्या कोपऱ्यात पडते, पावसाळ्यात तिला बुरशी येते. मी त्याला विचारलं, जुन्या वह्या कुठे आहेत रे? म्हणाला, मॅडम, त्या आम्ही पेटवायला घेतो. यंदाची त्याने ठेवली आहे.